धुतलेल्या मातीचे पाणी जाते कुठे?

कपडे धुतले की कपडे स्वच्छ होतात आणि पाणी मळते. मळ नाहीसा होत नाही, तो कपड्यातून पाण्यात जातो. ही गोष्ट इतकी उघड आहे, की ती मुद्दाम सांगण्याची कुणाला गरज वाटत नाही. पण एखाद्या कारखान्याच्या विषारी कचऱ्याने खराब झालेली जमीन 'स्वच्छ केली' अशी बातमी वाचताना आपण नेमकी हीच गोष्ट विसरतो. जमीन स्वच्छ झाली असेल, तर तिच्यातले विष कुठे गेले?

द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम आपण वर्गात शिकवतो. मेणबत्ती, बंद भांडे आणि तराजू घेऊन तो समजावतो. हाच नियम प्रयोगशाळेच्या बाहेर नेला, तर मातीच्या आणि भूजलाच्या शुद्धीकरणाचा सगळा विषय त्याभोवती फिरताना दिसतो. या लेखात आपण ते पाहणार आहोत. त्यासाठी ज्या जागेचे उदाहरण घेतले आहे, तिथे एक प्राथमिक शाळा होती.

शाळेखालची जमीन

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, प्रसिद्ध धबधब्याच्या काठी नायगारा फॉल्स नावाचे शहर आहे. १८९०च्या दशकात विल्यम लव्ह या गृहस्थांनी तिथे वीजनिर्मितीसाठी कालवा खणायला घेतला. योजना अर्धवट राहिली आणि सुमारे एक किलोमीटर लांबीचा खंदक तेवढा उरला. हाच 'लव्ह कॅनॉल'. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल या कंपनीने या खंदकात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला. त्यातला बराचसा पिंपांत भरलेला होता. त्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायने होती आणि त्यांच्याबरोबर अत्यंत विषारी असे डायॉक्सिनही होते. १९५३ साली कंपनीने खंदकावर माती टाकली आणि ती जागा शिक्षण मंडळाला एका डॉलरला विकली. जागेत रसायने पुरलेली आहेत, हे खरेदीखतात लिहिलेले होते. तरीही तिथे शाळा उभी राहिली. आजूबाजूला घरेही झाली.

पुढची वीस वर्षे जमीन गप्प होती असे वाटले. प्रत्यक्षात खाली काम चालू होते. पिंपे गंजत होती. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी वरून खंदकात शिरत होते. खालची जमीन चिकणमातीची असल्याने ते खाली फारसे झिरपत नव्हते. एखादे भांडे काठोकाठ भरून सांडावे, तसा हा खंदक १९७०च्या दशकात भरून बाजूंनी सांडू लागला. रसायने मिसळलेले पाणी घरांच्या तळघरांत पाझरू लागले. रहिवाशांनी, विशेषतः लोइस गिब्ज या गृहिणीने हा प्रश्न लावून धरला. त्यांचा मुलगा याच शाळेत जात होता. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने आणीबाणी जाहीर केली, शाळा बंद झाली आणि काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही तिथे आणीबाणी घोषित केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मिळून नऊशेहून अधिक कुटुंबांना तिथून हलवावे लागले. अशा जागांच्या सफाईसाठी अमेरिकेत डिसेंबर १९८० मध्ये जो 'सुपरफंड' कायदा झाला, त्यामागे लव्ह कॅनॉलचा मोठा वाटा आहे.

हा इतिहास बऱ्याच पुस्तकांत सापडतो. पण आपल्याला त्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे. २१ हजार टन कचऱ्याचे पुढे काय झाले?

उत्तर असे, की तो अजूनही तिथेच आहे. तो उकरून काढणे अधिक धोक्याचे ठरले असते. म्हणून खंदकावर आधी चिकणमातीचे आणि नंतर प्लॅस्टिकच्या पत्र्याचे झाकण घातले. आता हे झाकण सुमारे ४० एकरांवर पसरलेले आहे. पाऊस आत जाऊ नये हा त्याचा हेतू. आणि जे पाणी आधीच आत आहे, ते बाहेर पसरू नये म्हणून खंदकाच्या कडेने जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र नळ घातले. आपण शेतात पाणथळ जमिनीला चर काढतो, तसेच हे. चरातले पाणी एका खड्ड्यात जमते आणि तिथून पंपाने शुद्धीकरण केंद्रात जाते. हे केंद्र १९७९ च्या अखेरीस सुरू झाले. म्हणजे जमिनीच्या सफाईतून सांडपाण्याचा एक नवा प्रवाह जन्माला आला आणि तो शुद्ध करण्यासाठी एक नवा कारखाना उभारावा लागला.

थोडेसे विष, खूप पाणी

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजायला एक छोटे गणित करू. ट्रायक्लोरोएथिलीन हे धातूंवरचे तेल-ग्रीस काढण्यासाठी वापरले जाणारे द्रावक आहे. जगभरात भूजल दूषित करणाऱ्या रसायनांत त्याचे नाव वरचे आहे. त्याच्या एका लिटरचे वजन सुमारे १.४६ किलो असते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी आहे. १.४६ किलो म्हणजे १४६ कोटी मायक्रोग्रॅम. त्याला ५ ने भागले तर २९ कोटी लिटर येतात. म्हणजे या द्रावकाचे एक लिटर समान मिसळले, तर २९ कोटी लिटर पाणी मर्यादेच्या काठावर येते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे २९ हजार टँकर झाले. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर करायला द्यावे. 'इतकेसे सांडले तर काय होते' या प्रश्नाचे उत्तर ती स्वतःच शोधतील.

वजनाचा आणखी एक परिणाम होतो. पेट्रोल जमिनीत मुरले तर ते भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते. ट्रायक्लोरोएथिलीन किंवा क्लोरोबेंझीन ही रसायने पाण्यापेक्षा जड. ती भूजलातून खाली बुडतात आणि चिकणमातीच्या थरावर डबक्यासारखी साचतात. ती पाण्यात फार थोडी विरघळतात, पण सतत विरघळत राहतात. तेलकट डबके लहान असते आणि त्यावरून वाहणारे पाणी मात्र वर्षानुवर्षे दूषित होत राहते.

केंद्रात काय घडते?

लव्ह कॅनॉलच्या केंद्रातली पहिली पायरी अगदी साधी आहे. पाणी एका टाकीत स्थिर ठेवायचे. जड तेलकट द्रव आणि गाळ तळाशी बसतो. तो वेगळा काढून उच्च तापमानाच्या भट्टीत जाळण्यासाठी पाठवला जातो. उरलेले पाणी गाळण्यांतून जाते, म्हणजे त्यातले बारीक कण अडतात. त्यानंतर येते मुख्य पायरी: सक्रिय कोळसा.

सक्रिय कोळसा म्हणजे वाफेच्या किंवा रसायनांच्या साहाय्याने असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेला कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. म्हणजे चिमूटभर कोळशात कबड्डीची सात-आठ मैदाने दडलेली असतात. सेंद्रिय रसायनांचे रेणू या भिंतींना चिकटून राहतात. याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी आत ओढून घेतो ते शोषण, आणि फळ्यावर खडूची भुकटी बसते तसे पृष्ठभागावर चिकटणे ते अधिशोषण. हा फरक मुलांना आवर्जून सांगावा.

कोळशातून बाहेर पडलेले पाणी शहराच्या गटारात सोडले जाते आणि तिथून नगरपालिकेच्या सांडपाणी केंद्रात पोचते. आता पुन्हा तोच प्रश्न विचारू: विष कुठे गेले? ते कोळशावर आहे. कोळशाची सगळी मैदाने भरली, की तो बदलावा लागतो. वापरलेला कोळसा भट्टीत तापवून पुन्हा कामाला आणता येतो. पण त्या वेळी सुटणाऱ्या वाफा जाळाव्या लागतात, आणि क्लोरीनयुक्त पदार्थ जळले की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. मग ते आम्ल धुऊन काढावे लागते. म्हणजे पुन्हा सांडपाणी आले.

जिथे रसायने सहज उडून जाणारी असतात, तिथे आणखी एक पद्धत वापरतात. पाणी उंच मनोऱ्यात वरून खाली सोडायचे आणि खालून वर जोराने हवा फुंकायची. सोड्याची बाटली उघडल्यावर वायू निसटतो, त्याच नियमाने ट्रायक्लोरोएथिलीन किंवा बेंझीन पाण्यातून निघून हवेत जाते. पाणी स्वच्छ होते, पण मनोऱ्याच्या तोंडातून बाहेर येणारी हवा आता दूषित असते. ती पुन्हा कोळशातून न्यावी लागते. या मनोऱ्याचा एक जुना शत्रू आहे, तो म्हणजे भूजलातले लोह. बोअरच्या पाण्याने बादलीला तांबूस डाग पडतात, हे आपण घरीदारी पाहतो. जमिनीखाली प्राणवायू नसताना विरघळलेले लोह हवा लागताच गंजाच्या रूपात बाहेर पडते आणि मनोरा चोंदतो. म्हणून लोह आधी काढावे लागते, आणि त्या लोहाच्या गाळात इतर विषेही अडकलेली असू शकतात.

दोन प्रकारचे शुद्धीकरण

एवढ्यावरून आपल्याला सर्व पद्धतींची दोन गटांत वाटणी करता येते. पहिल्या गटात विषाचे फक्त स्थलांतर होते: मातीतून पाण्यात, पाण्यातून हवेत, हवेतून कोळशावर. दुसऱ्या गटात विषाचे विघटन होते. त्याचा रेणू मोडतो आणि निरुपद्रवी पदार्थ बनतात. भट्टीत जाळणे हे विघटन. हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पाण्यावर अतिनील किरण सोडणे हेही विघटन. आणि सर्वांत स्वस्त विघटन करतात ते जिवाणू. पेट्रोलमधले बेंझीन त्यांना अन्नासारखे असते. पुरेसा प्राणवायू मिळाला, तर ते त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. स्थलांतराची साखळी कितीही लांब असली तरी तिच्या शेवटी विघटन हवे. नाहीतर आपण घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटला, एवढेच झाले.

धातूंच्या बाबतीत मात्र हा शेवटही उपलब्ध नाही. शिसे, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. त्यांचे विघटन कोण करणार? फार तर त्यांचे रूप बदलता येते. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावी नैसर्गिक वायू पुढे ढकलणाऱ्या एका केंद्रात गंज टाळण्यासाठी थंड करण्याच्या पाण्यात क्रोमियमचे संयुग मिसळत असत. १९५२ ते १९६६ या काळात ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडले गेले आणि भूजलात उतरले. हे षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते आणि ते विषारी आहे. त्रिसंयुजी क्रोमियम मात्र पुष्कळ कमी विषारी आणि जवळजवळ न विरघळणारे. म्हणून उपाय असा केला, की जमिनीखाली अल्कोहोल सोडून तिथल्या जिवाणूंना अन्न पुरवायचे. जिवाणू प्राणवायू संपवतात आणि त्या परिस्थितीत षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम होते. काही दूषित पाणी उपसून चाऱ्याच्या पिकाला दिले. तिथेही मातीतल्या जिवाणूंनी तेच काम केले. क्रोमियम नाहीसे झाले नाही. ते कमी उपद्रवी रूपात मातीत बसले.

कारखान्यातील शुद्धीकरण केंद्रात हेच काम फेरस सल्फेट आणि चुना घालून करतात. क्रोमियमचा हिरवट साका तळाशी बसतो. तो दाबून, पाणी काढून, अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यात पुरावा लागतो. आणि त्या खड्ड्यातूनही झिरपणारे पाणी असतेच. तेही गोळा करून शुद्ध करावे लागते.

माती धुण्याच्या पद्धतीतही असेच घडते. तांदूळ धुताना पांढरे पाणी निघते, तसे माती धुताना वाळू खाली राहते आणि चिकणमातीचे बारीक कण पाण्यात जातात. विष मुख्यतः याच बारीक कणांना चिकटलेले असते, कारण लहान कणांचे एकूण पृष्ठफळ मोठे असते. वाळू स्वच्छ होऊन परत जागेवर टाकता येते. उरतो तो थोडा, पण फार विषारी गाळ. विष कमी झाले नाही, ते थोड्या जागेत गोळा झाले. तरीही हा फायदा लहान नाही. शंभर गाड्या मातीऐवजी दहा गाड्या गाळ सांभाळणे केव्हाही सोपे.

शेवटचा ग्लास

आता एक प्रयोग. प्लॅस्टिकची एक बाटली घेऊन तिचा तळ कापा. तोंडाला फडके बांधून ती उलटी धरा. ओल्या चिकणमातीत निळी शाई मळून तिचा लिंबाएवढा गोळा करा. बाटलीत धुतलेली वाळू भरा, मध्यभागी तो गोळा ठेवा आणि वरून पुन्हा वाळू घाला. आता एकेक पेला स्वच्छ पाणी ओता आणि खाली आलेले पाणी वेगवेगळ्या काचेच्या ग्लासांत साठवून ओळीने मांडा. पहिले ग्लास गडद निळे येतील, मग फिके, मग आणखी फिके. सहाव्या-सातव्या ग्लासाला मुले म्हणतील, 'झाले स्वच्छ.' बाटली तशीच रात्रभर ठेवा. सकाळी आणखी एक पेला पाणी ओता. हा ग्लास आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या ग्लासापेक्षा पुन्हा निळा येतो.

कारण सोपे आहे. पाणी वाळूतून भराभर वाहते, पण चिकणमातीच्या गोळ्यातून जवळजवळ वाहत नाही. गोळ्यातली शाई विसरणाने सावकाश बाहेर येते. रात्रभरात ती वाळूतल्या पाण्यात जमा झाली. भूजल उपसून शुद्ध करणाऱ्या केंद्रांचाही हाच अनुभव आहे. पहिल्या काही वर्षांत पाण्यातले विष झपाट्याने कमी होते. मग आलेख आडवा होतो, आणि पंप बंद केला की पुन्हा वर चढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला. ठरवलेले उद्दिष्ट गाठलेली ठिकाणे त्यांना फक्त ८ आढळली.

प्रयोगाचा दुसरा भागही करून पाहा. निळ्या पाण्यात सक्रिय कोळशाची पूड ढवळून अर्धा तास ठेवा आणि गाळा. मत्स्यालयाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात हा कोळसा मिळतो. पाणी बरेच निवळते. मग वर्गाला विचारा: आता या कोळशाचे काय करायचे? कुणी म्हणेल जाळू, कुणी म्हणेल पुरू, कुणी म्हणेल धुऊन घेऊ. प्रत्येक उत्तराला 'आणि मग?' एवढाच प्रश्न विचारत जावे. प्रयोगात शाईच वापरावी, कोणतेही विषारी रसायन आणू नये.

पाणी बाहेर काढलेच नाही तर?

सांडपाण्याची ही साखळी तोडण्याचा एक मार्ग म्हणजे पाणी वर न काढणे. १९९१ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी बॉर्डन येथे असा प्रयोग केला. भूजल ज्या दिशेने वाहते, तिथे आडवा चर खणून त्यात वाळू आणि लोखंडाचा कीस मिसळून भरला. पाणी आपोआप या सच्छिद्र भिंतीतून जाते. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन देते आणि त्यामुळे क्लोरीनयुक्त द्रावकाच्या रेणूतला क्लोरीन सुटा होतो. पंप नाही, वीज नाही, कोळसा नाही आणि रेणू मोडतो. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून अशा भिंती प्रत्यक्ष वापरात आल्या. अर्थात प्रत्येक जागी हे जमत नाही. भूजल फार खोल असेल किंवा खडक फुटका असेल, तर भिंत घालायची कुठे? शिवाय काही वर्षांनी लोखंडावर क्षारांचे थर बसतात आणि त्याची शक्ती कमी होते.

हिशेब कोण ठेवणार?

आपल्या देशातही हा प्रश्न आहे. भोपाळच्या बंद कारखान्यातला साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पिथमपूर येथील भट्टीत जाळण्यात आला. जाळताना घातलेल्या चुन्यासारख्या पदार्थांमुळे त्यातून आठशे टनांहून अधिक राख आणि अवशेष निर्माण झाले. ते पुन्हा सुरक्षित जागी पुरायचे होते. द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम इथे टनांत दिसतो. आणि हा कचरा गोण्यांत भरलेला होता. कारखान्याच्या आवारातली माती आणि आसपासचे भूजल हा वेगळा आणि याहून अवघड प्रश्न आहे.

लव्ह कॅनॉलचे नाव सुपरफंडच्या यादीतून सप्टेंबर २००४ मध्ये काढण्यात आले. बांधकामाची कामे पूर्ण झाली, एवढाच त्याचा अर्थ. निचऱ्याचे नळ, पंप आणि कोळशाच्या टाक्या त्यानंतरही चालू राहिल्या, आणि दर पाच वर्षांनी तपासणीही होत राहिली. कचरा टाकला गेला अकरा वर्षे. त्याचे पाणी शुद्ध करण्याचे काम १९७९ पासून चालू आहे आणि ते थांबवण्याची तारीख ठरवता येत नाही. तो खर्च कंपनीने करायचा की सरकारने, यावर तिथे वर्षानुवर्षे खटले चालले. हूकर कंपनी विकत घेणाऱ्या ऑक्सिडेंटल कंपनीने १९९४ आणि १९९५ च्या समझोत्यांत राज्य आणि केंद्र सरकारला अनुक्रमे ९ कोटी ८० लाख आणि १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले, आणि केंद्र चालवण्याची जबाबदारीही तिच्याकडे गेली.

पैशाची बाजू अशी मिटली. पण पंप चालवणारा, कोळसा वेळेवर बदलणारा आणि विहिरींचे नमुने तपासणारा माणूस तिथे पुढच्या पिढीतही लागणार आहे. आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी कुणी अशा केंद्रात अभियंता असेल, कुणी नगरपालिकेत निर्णय घेणारा असेल, कुणी फक्त शेजारी राहणारा असेल. 'जागा स्वच्छ झाली' असे त्यांना कुणी सांगितले, तर त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: विष नेमके कुठे गेले, ते मोडले की फक्त हलले, आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? हे प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. नववीतला एक नियम पुरतो.